महामारी आणि बुडालेला खेळाचा तास

सांथीचे रोग मनुष्यजातीस नवे नाहींत. सन १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली व तेथून ती पुण्यास आणि पुढें देशाच्या इतर भागांत पसरली. सन १९१८ च्या इन्फ्ल्युएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, असा अंदाज आहे. या दोन्ही सांथींच्या आठवणी आपल्याकडील कित्येक घराण्यांत पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या. सन २०२० मध्यें आलेली कोव्हिड-१९ ची महामारी मात्र आज शाळेंत शिकत असलेल्या पुष्कळ मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आहे. ती कशी होती हें त्यांस कोणीं सांगावयास नको. परंतु तिच्यामुळें आपल्या शरीरावर, डोळ्यांवर व मनावर काय परिणाम झाला, हें समजून घेणें मात्र अवश्य आहे. कारण सांथ गेली तरी तिनें लावलेल्या कांहीं संवयी अजून आपल्या घरांत मुक्काम ठोकून आहेत.

प्लेगच्या व कोव्हिडच्या सांथींत एक मोठा भेद होता, तो आरंभींच ध्यानांत घ्यावा. प्लेगचे जंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांबरोबर घरांत शिरतात. म्हणून त्या काळीं लोक घरें सोडून गांवाबाहेर माळावर झोंपड्या घालून राहत. कोव्हिडचा विषाणु माणसाच्या श्वासावाटें दुसऱ्या माणसाकडे जातो. म्हणून या वेळीं सर्वांस घराचे दरवाजे लावून आंत बसण्याची आज्ञा झाली. एका सांथीनें माणसांना उघड्यावर नेलें, तर दुसरीनें त्यांना चार भिंतींत कोंडलें. मोठ्या माणसांस या कोंडण्याचा त्रास झालाच. पण ज्यांचें वाढण्याचें वय होतें, त्यांच्यावर त्याचा परिणाम अधिक खोल झाला. या रोगाची बाधा बहुतेक मुलांना वृद्धांच्या मानानें सौम्य होत असे. मुलांचें अधिक नुकसान झालें तें रोगापेक्षां रोग टाळण्याच्या उपायांनीं. हा उलटा न्याय कसा घडला, तेंच आम्ही या लेखांत क्रमानें सांगणार आहों.

काय घडलें ?

चीनमधील वूहान शहरांत सन २०१९ च्या अखेरीस या रोगाचे रुग्ण प्रथम आढळले. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या रोगास जागतिक महामारी असें म्हटलें. त्याच्या दोनच दिवस आधीं, ९ मार्च रोजीं, महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण पुण्यांत सांपडले होते. महिन्याच्या मध्यास आपल्याकडील शाळा बंद होऊं लागल्या, आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. ज्या कायद्याच्या आधारें सरकारनें हे निर्बंध प्रथम घातले, तो कायदा सन १८९७ चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या वेळींच केलेला होता.

जगांतील १९० हून अधिक देशांत मिळून सुमारें १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा व महाविद्यालयें या काळांत बंद पडलीं. इतक्या मुलांची शाळा एकाच वेळीं बंद झाल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत नाहीं. महाराष्ट्रांत नववी ते बारावीचे वर्ग कांहीं ठिकाणीं २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडले. परंतु पुढील वर्षीं दुसरी लाट आली व ते पुन्हां बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागांत पांचवीपासून व शहरांत आठवीपासून वर्ग सुरू झाले. अगदीं लहान मुलांस तर पुष्कळ ठिकाणीं शाळेचें अंगण दिसण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे जें मूल सन २०२० च्या जूनमध्यें पहिलींत जावयाचें, त्याचें पहिलीचें संपूर्ण वर्ष व दुसरीचें अर्धें वर्ष घरांतच गेलें.

शाळा बंद ठेवणें योग्य होतें कीं नव्हतें, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. इस्पितळांत खाटा पुरेनात व प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं लोक धांवत होते, अशा वेळीं राज्यकर्त्यांस व शिक्षकांस निर्णय घ्यावे लागले. आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, शाळेचा दरवाजा बंद झाला तेव्हां त्यामागें पुस्तकांखेरीज दुसरें काय काय बंद झालें.

दिवसाची घडी

शाळा म्हणजे पाठ्यपुस्तकें, फळा व परीक्षा, असें आपण सहसा समजतों. पण शाळा मुलांस आणखी एक वस्तु न बोलतां देते, आणि ती म्हणजे दिवसाची घडी. शाळेसाठीं मूल ठराविक वेळीं उठतें. दप्तर पाठीवर घेऊन चालत जातें, निदान गाडीच्या थांब्यापर्यंत तरी जातें. जिने चढतें व उतरतें. मधल्या सुटींत तें धांवतें. कवायतीच्या तासाला हातपाय हलवितें. शाळा सुटल्यावर मैदानावर घटकाभर रेंगाळतें. यांपैकीं एकाहि गोष्टीस तें व्यायाम असें म्हणत नाहीं. परंतु सर्वांची बेरीज केली तर व्यायामाचा मोठा भाग त्यांतच होऊन जातो. उन्हाळ्याच्या लांब सुटींत कित्येक मुलांचें वजन भराभर वाढतें, झोंपेची वेळ सरकते व खाण्यास धरबंध राहत नाहीं, हें वैद्यांच्या ध्यानांत पूर्वींच आलें होतें. त्याचें कारणहि हेंच कीं, सुटींत दिवसाची घडी मोडते. महामारीनें अशी सुटी एक महिना नव्हे, तर दीड वर्ष दिली. आणि हें करतांना उन्हाळ्याच्या सुटींतील विटीदांडू, सूरपारंब्या व आजोळची विहीर मात्र काढून घेतली.

हालचाल किती कमी झाली ?

पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनीं सरासरीनें रोज ६० मिनिटें दम लागेल अशी हालचाल करावी, व आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु व हाडें बळकट होतील असे जोराचे खेळ खेळावे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० मध्यें सांगितलें आहे. धांवणें, दोरीवरच्या उड्या, खो-खो, हुतूतू, लंगडी, पोहणें, सायकल चालविणें, हें सर्व त्यांत येतें.

येथें एक कबुली दिली पाहिजे. महामारीच्या पूर्वींहि आपली मुलें पुरेशी खेळत होतीं असें नाहीं. सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १४६ देशांतील शाळकरी मुलांचा हिशेब काढण्यांत आला. त्यांत असें दिसून आलें कीं, ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८१ जणांची हालचाल या मर्यादेपेक्षां कमी होती. मुलींची स्थिति मुलग्यांहून वाईट होती. मुलग्यांत हें प्रमाण शेंकडा ७८ च्या आसपास, तर मुलींत शेंकडा ८५ च्या आसपास होतें. तेव्हां भांडें आधींच निम्मेशिम्मे रिकामें होतें. महामारीनें त्यास भोंक पाडलें.

तें भोंक किती मोठें होतें, याचेंहि मोजमाप झालें आहे. निरनिराळ्या देशांतील २२ अभ्यास एकत्र करून सन २०२२ मध्यें जो निष्कर्ष काढण्यांत आला, त्याप्रमाणें मुलांची एकूण हालचाल सुमारें शेंकडा २० नीं घटली. दम लागणारी हालचाल तर याहूनहि अधिक घटली; ती रोज सुमारें १७ मिनिटांनीं कमी झाली. सतरा मिनिटें हा आंकडा वाचतांना लहान वाटतो. परंतु रोज अवश्य असलेल्या ६० मिनिटांतून तीं वजा करा, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला असें दिसेल.

हें नुकसान सर्वांस सारखें झालें नाहीं. ज्याच्या घरापुढें अंगण होतें, शेत होतें, त्याचें पुष्कळसें निभावलें. शहरांतील एका खोलींत पांच-सहा माणसें राहत असलेल्या कुटुंबांतील मुलास पाय पसरण्यासहि जागा नव्हती. स्पेन देशांतील नियम तर अतिशय कडक होते. तेथें १४ मार्च २०२० पासून मुलांस रस्त्यावर पाऊल टाकण्याची मनाई होती. मोठ्या माणसांस निदान वाणसामानासाठीं बाहेर पडतां येई. मुलांस तेवढीहि मोकळीक नव्हती. सहा आठवड्यांनीं, २६ एप्रिल रोजीं, चौदा वर्षांखालील मुलांस मोठ्या माणसासह दिवसांतून एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आंत फिरण्याची परवानगी मिळाली. ज्या गोष्टीस एरव्हीं आपण कवडीचीहि किंमत देत नाहीं, असा तो एक तास उघड्या आकाशाखालीं मिळावा म्हणून एका सुधारलेल्या राष्ट्रांतील लक्षावधि मुलांस दीड महिना वाट पाहावी लागली !

पडद्यापुढील वेळ

हातपाय थांबले तेव्हां डोळे कामाला लागले. सन २०२२ मध्येंच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निष्कर्षांत ४६ अभ्यासांतील २९,०१७ मुलांची माहिती एकत्र केली आहे. महामारीच्या पूर्वीं मुलें मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी इत्यादींच्या पडद्यापुढें रोज सरासरी १६२ मिनिटें बसत. महामारींत तीं २४६ मिनिटें बसूं लागलीं. वाढ झाली ती ८४ मिनिटांची.

विद्यार्थिमित्रहो, येथें थोडें गणित करून पाहा. रोज ८४ मिनिटें म्हणजे आठवड्यास ५८८ मिनिटें, अर्थात् ९ तास ४८ मिनिटें. हाच क्रम वर्षभर चालला तर ५११ तास होतात. म्हणजे रात्र व दिवस मिळून पूर्ण २१ दिवस व ७ तास. आणि ही केवळ वाढ झाली; मूळचीं १६२ मिनिटें याहून निराळीं !

परंतु मोबाईलला एकदम चोर ठरवून मोकळें होणें हा न्याय नव्हे. त्या दिवसांत शाळा त्याच्यांतूनच घरीं येत होती, आजीची चौकशी त्याच्यांतूनच होत होती, आणि दुरावलेले मित्र त्याच्यांतच भेटत होते. ग्रामीण भागांत केलेल्या असर या पाहणीप्रमाणें शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं सन २०१८ मध्यें शेंकडा ३६.५ मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. सन २०२० मध्यें हें प्रमाण शेंकडा ६१.८ झालें आणि सन २०२१ मध्यें शेंकडा ६७.६. कित्येक आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन तो फोन घेतला, कीं मुलाचें शिक्षण थांबूं नये. ज्यांस तो घेतां आला नाहीं, त्यांच्या मुलांचा पडद्यापुढील वेळ वाढला नाहीं हें खरें; पण त्यांची शाळाहि बुडाली. म्हणून एकाच्या घरीं जें अति झालें, तेंच दुसऱ्याच्या घरीं मुळींच नव्हतें, हें विसरतां कामा नये.

सरकारासहि या अतिरेकाची जाणीव होती. जुलै २०२० मध्यें केंद्र सरकारनें असे नियम सुचविले कीं, पहिली ते आठवीच्या मुलांस दिवसांतून ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास पडद्यावर घ्यावे, व नववीपासून पुढें चारांहून अधिक घेऊं नयेत. अडचण अशी कीं, तास संपला तरी फोन हातांतून सुटत नसे. अभ्यासासाठीं आलेला पाहुणा करमणुकीसाठीं राहिला, आणि हळूहळू घरचा मालक झाला.

डोळे, वजन आणि झोंप

या बैठकीचा पहिला हिशेब डोळ्यांनीं मागितला. चीनच्या शांतुंग प्रांतांतील फेइचेंग शहरीं सन २०१५ पासून शाळकरी मुलांचे डोळे दरवर्षीं तपासण्यांत येत होते. सन २०२० मध्यें मुलें जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत घरीं होतीं. त्यानंतर तपासणी झाली. सहा वर्षांच्या मुलांत जवळचें दिसतें पण लांबचें धूसर दिसतें, असा दोष आधींच्या वर्षांत फार तर शेंकडा ५.७ मुलांस आढळे; तो या वर्षीं शेंकडा २१.५ मुलांस आढळला. सात व आठ वर्षांच्या मुलांतहि वाढ झाली होती. त्याहून मोठ्या मुलांत मात्र फरक थोडा होता. यावरून तज्ज्ञांनीं असें अनुमान केलें कीं, डोळा जितका कोंवळा, तितका त्यास कोंडण्याचा उपद्रव अधिक.

यांत दोष केवळ पडद्याचा आहे काय ? तसें दिसत नाहीं. डोळ्याचा गोळा वाढत्या वयांत प्रमाणाबाहेर लांबला, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यापाशीं न पोहोंचतां अलीकडेच पडते. आणि दिवसाच्या उघड्या उजेडांत राहिल्यानें हें लांबणें आवरलें जातें, असें आढळून आलें आहे. चीनमधीलच ग्वांगझो शहरांत बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत मुलांस रोज ४० मिनिटें अधिक बाहेर सोडलें. उरलेल्या शाळांत नेहमींचाच क्रम ठेवला. तीन वर्षांनीं पाहतां, बाहेर सोडलेल्या मुलांपैकीं शेंकडा ३०.४ मुलांस हा दोष जडला होता, व इतरांपैकीं शेंकडा ३९.५ मुलांस. चष्म्याचें दुकान लांब ठेवण्यास मैदान उपयोगी पडतें, याचा याहून चांगला पुरावा कोणता पाहिजे ?

दुसरा हिशेब वजनाचा. अमेरिकेंत २ ते १९ वर्षांच्या ४,३२,३०२ मुलांच्या वजनाच्या व उंचीच्या नोंदी तपासल्या गेल्या. उंचीच्या मानानें वजन वाढण्याचा त्यांचा वेग महामारींत पूर्वींच्या जवळजवळ दुप्पट झाला. ऑगस्ट २०१९ मध्यें त्यांतील शेंकडा १९ मुलें लठ्ठ होतीं. वर्षभरांत तीं शेंकडा २२ झालीं. आमच्याकडे कांहीं घरांत हा धोका, तर कांहीं घरांत याच्या उलट प्रकार होता. रोजगार गेल्यामुळें व शाळेंतील दुपारची खिचडी बंद झाल्यामुळें कित्येक गरीब मुलांच्या ताटांत अन्नच कमी पडलें.

तिसरा हिशेब झोंपेचा. संध्याकाळ होऊन उजेड मावळला कीं, आपल्या मेंदूंत झोंप आणणारा एक रस पाझरूं लागतो. डोळ्यांपुढें झगझगीत पडदा असला म्हणजे त्याचें पाझरणें लांबतें. शिवाय जें पाहिलें, तें मनांत घोळत राहतें. सकाळीं उठण्याची घाई नाहीं आणि दिवसां अंगास श्रम नाहींत, तेव्हां मुलें मध्यरात्रीं निजूं लागलीं व दहा वाजतां उठूं लागलीं. शेतांत राबणाऱ्याला अंथरुणावर पडतांच झोंप कां लागते, हें आपल्या वडिलधाऱ्यांस ठाऊक होतें. त्याचेंच हें दुसरें टोंक.

मनावरील ओझें

शरीराचें नुकसान मोजतां येतें. मनाचें मोजणें कठीण. तरीहि सन २०२१ मध्यें २९ अभ्यासांतील ८०,८७९ मुलामुलींची माहिती एकत्र करून असें सांगण्यांत आलें कीं, चारांपैकीं एका मुलांत खिन्नतेचीं व पांचांपैकीं एका मुलांत चिंतेचीं लक्षणें वैद्यकीय दृष्ट्या दखल घेण्याइतकीं होतीं. महामारीच्या पूर्वींच्या अंदाजाच्या मानानें हें प्रमाण सुमारें दुप्पट आहे. वयानें मोठ्या मुलांत व मुलींत तें अधिक होतें.

खेळ बंद झाल्यामुळेंच हें सर्व झालें, असें म्हणणें खोटें ठरेल. कोणाच्या घरांतील कर्तें माणूस गेलें. कोणाच्या वडिलांची नोकरी सुटली. मोठीं माणसें दाराआड हळू आवाजांत काय बोलतात, हें मुलांस कळत नसे पण जाणवत असे. अशा दुःखावर लगोरीचा डाव हें औषध नव्हे. परंतु दुःख सोसण्याची शक्ति ज्या ठिकाणीं मुलांस एरव्हीं मिळते, तें ठिकाण नेमकें त्याच वेळीं बंद होतें. हुतूतूच्या पाटीवर बाद झालेला गडी रडत बसत नाहीं; आपला गडी पुन्हां जिवंत करील म्हणून वाट पाहतो. खो-खोंत दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून आपली जागा त्यास द्यावी लागते. आट्यापाट्यांत कोंडी फोडावयाची असते. हरणें, वाट पाहणें, रुसवा काढणें, दुसऱ्यास वाव देणें, हे धडे कोणत्याहि पुस्तकांत इतक्या स्वस्तांत मिळत नाहींत. पडद्यावरील खेळांत हरलेला मुलगा बटण दाबून नवा डाव मांडतो. त्यास कोणाचीहि समजूत काढावी लागत नाहीं.

हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सर्वच मुलांस घर जाचलें नाहीं. ज्यांस वर्गांत कोणी चिडवीत असे, अशांस थोडी विश्रांति मिळाली. ज्या बापास एरव्हीं कामापायीं मुलांचें तोंड दिसत नसे, तो मुलांबरोबर पत्ते व सोंगट्या खेळला. घरांत प्रेम व मोकळेपणा होता, तेथें हा काळ पुष्कळ सुसह्य झाला.

ज्यांनीं मार्ग काढले

संकट सर्वांवर सारखें आलें, तरी कांहीं लोकांनीं त्यांतून वाट काढली. पालघर जिल्ह्यांतील दांडवळ गांवांत सन २०२० मध्यें मुलांस फोन नव्हते. तेव्हां तेथें उघड्या जागेंत ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकविण्यांत आले. मुलें अंतर राखून झाडाखालीं बसत व ऐकत. सोलापुरांतील नीलमनगर भागांत शिक्षकांनीं वस्तींतील घरांच्या भिंतींवर अक्षरें, पाढे व धडे रंगविले. मुलें गल्लींतून हिंडत हिंडत शिकूं लागलीं. या दोन्ही ठिकाणीं अभ्यास चालला, आणि मुलांस उजेड, वारा व पायांस चाल हीं आपोआप मिळालीं. यावरून असें दिसतें कीं, शिकणें व हिंडणें हीं एकमेकांचीं वैरी नाहींत.

आतां काय करावें ?

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ही आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. शाळा भरतात, घंटा वाजते, मैदानेंहि आहेत. परंतु संवय ही सांथीप्रमाणें एखाद्या जाहीरनाम्यानें संपत नाहीं. म्हणून शेवटीं दोन शब्द मुलांस व दोन पालकांस सांगून आम्ही हा लेख पुरा करूं.

बालवाचकहो, एक वही घ्या व सात दिवस तिच्यांत रोज तीन आंकडे लिहा: दम लागेल असे किती मिनिटें खेळलों, अभ्यासाखेरीज पडद्यापुढें किती मिनिटें बसलों, आणि किती तास झोंपलों. आंकडे खरे लिहा. ही वही गुरुजींस दाखवावयाची नाहीं. आठवड्याच्या शेवटीं पहिल्या आंकड्याची सरासरी काढा व ती साठांशीं ताडून पाहा. कमी पडत असेल तर एकदम साठांवर उडी मारूं नका; पहिल्या आठवड्यांत दहा मिनिटें वाढवा, दुसऱ्यांत आणखी दहा. मैदान दूर असेल तर अंगणांत दोरीवरच्या उड्या माराव्या. अंगण नसेल तर चटईएवढ्या जागेंत सूर्यनमस्कार, दंड व बैठका होतात. पण शक्य तोंवर बाहेर पडा, आणि एकटे पडूं नका. एकट्याची कवायत कंटाळवाणी होते, चौघांचा खेळ टिकतो.

पालकबंधुभगिनींनो, मुलाच्या हातांतील फोन हिसकावून घेणें सोपें आहे. त्या हातांत चेंडू देणें अवघड आहे, कारण चेंडूबरोबर आपला वेळहि द्यावा लागतो. जेवतांना व निजण्यापूर्वीं एक तास घरांतील सर्वच फोन, आपलेसुद्धां, बाजूस ठेवले तर मुलांस उपदेशाची गरज पडणार नाहीं. मुलींस तिन्हीसांजेच्या आंत घरांत घेतां, तर त्यांच्या खेळाचा तास दुपारीं चारला तरी राखून ठेवा. तिला स्वयंपाकघरांतील काम असतें, म्हणून तिचा व्यायाम झाला असें समजूं नका. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणितास देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महामारीनें आपणां सर्वांचा तो तास दीड वर्ष बुडविला, तेव्हां त्याची किंमत काय हें आपणांस दिसलें. जें सक्तीनें गेलें तें परत मिळाल्यावर आपण आपल्या हातानें पुन्हां घालवूं नये.

पुन्हां कधीं सांथ येणारच नाहीं, असें कोणासहि सांगतां येत नाहीं. आलीच, तर औषधें व लशी यांची तरतूद शास्त्रज्ञ करतील. परंतु मुलांसाठीं रोज थोडा उजेड, थोडी धांव व एक सोबती राखून ठेवणें, हें काम घराचें व शाळेचें आहे. त्याची तयारी सांथ आल्यावर करावयाची नसते. ती आजच्या संध्याकाळपासूनच झाली पाहिजे.